चाकांची कल्हई

एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढविण्याच्या क्रियेस आपल्या मराठीत दोन शब्द रूढ आहेत. एक मुलामा आणि दुसरा कल्हई. कृती पाहू गेल्यास दोहोंत फारसे अंतर नाही. परंतु लोकव्यवहाराने दोघांच्या वाट्यास अगदी भिन्न कीर्ती दिली आहे. मुलाम्याचा दागिना म्हटला की ऐकणाराच्या कपाळास आठी पडते, आणि कल्हई केलेले पातेले म्हटले की गृहिणी निश्चिंत होते. पितळेवर सोन्याचा मुलामा देणाराची इच्छा अशी असते की, आत पितळ आहे ही गोष्ट पाहणाराने विसरावी. कल्हई करून घेणारास असे काही लपवावयाचे नसते. पातेले तांब्याचे आहे हे साऱ्या घरास ठाऊक असते. बाहेरून ते चिंचेने घासून तांबडेलाल ठेवण्यात घराची प्रतिष्ठाही असते. आतील कथलाचा पांढरा थर तेवढा एवढ्याचसाठी की, ताक कळकू नये आणि आमटी पोटात गेल्यावर तिने वैर धरू नये.

ज्यांनी कल्हईवाला पाहिला आहे अशा वाचकांची संख्या आता दिवसेंदिवस घटत चालली आहे. शेफील्ड येथे 1913 साली हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद तयार केले, आणि काही दशकांनी त्याच जातीच्या पोलादाची भांडी आमच्या फडताळात शिरून त्यांनी कल्हईवाल्याची भाकरी हिरावून घेतली. आमच्या लहानपणी मात्र शिरूरच्या, अर्थात जुन्या माणसांच्या घोडनदीच्या, गल्लीत तो येई, लिंबाखाली खळगा करून त्यात कोळसे पेटवी आणि भाता चालवू लागे. तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठे, कथलाची कांडी टेकताच ती वितळे, आणि कापसाच्या बोळ्याच्या एका फिरकीसरशी काळवंडलेले भांडे चांदीसारखे लखलखे. आम्हां मुलांचे सारे लक्ष त्या फिरकीकडे. वडील बायकांचे लक्ष मात्र त्यापूर्वीच्या घासण्याकडे असे. वाळू घालून, पायांनी गरगर फिरवून त्याने भांडे किती घासले, कोपऱ्यात किती राहिले, हे त्या ओट्यावरून पाहत. नवसागर तरी दुसरे काय करतो? तापलेल्या धातूवरील उरलासुरला मळ काढून टाकतो, म्हणजे कथील धातूस धरते. मळावर कल्हई बसत नाही. बसली तर टिकत नाही.

हे सर्व आज स्मरण्याचे कारण मोटारीची चाके होत. त्यांस म्हणे संरक्षक लेप द्यावयाचा असतो. बाजारात त्याला कोटिंग म्हणतात, आणि त्याच्या बाटल्या औषधाच्या बाटल्यांहून लहान व किमतीने थोर असतात. प्रथम ऐकले तेव्हा आम्ही हसलो. चाकाने चिखलात जावे हा त्याचा जन्मसिद्ध अधिकार. त्याला कसला लेप? बैलगाडीच्या चाकास आम्ही लेप दिलेला पाहिला नाही. बाभळीचे पाटे, आरे व तुंबा. भोवती लोखंडी धाव, तीही शेणीच्या जाळात लाल करून बसविलेली आणि पाणी ओतून आवळलेली. आसाला वंगण मिळाले की गाडीवानाचे कर्तव्य संपले. धावेस कोणी रंग देत नसे, कारण रस्ताच तिला अहोरात्र घाशी. दौंडच्या जंक्शनवर उभे राहून पाहावे, तोही प्रकार असाच. आगगाडीच्या चाकाचा रुळावरून धावणारा पट्टा आरशासारखा चकाकत असतो, आणि त्याच चाकाचा बाकीचा भाग तपकिरी, मळकट. जो भाग सदैव कामात असतो त्यास गंज चढत नाही, असा उपदेश यातून काढण्याचा मोह कोणासही होईल.

परंतु मोटारीचे चाक या उपदेशात बसत नाही. येथे घासण्याचे काम रबराकडे आहे. धातूचे चाक रस्त्यास कधी स्पर्शच करीत नाही. ते केवळ भार सोसते, आणि भार सोसत असता त्याच्यावर पाणी, चिखल, खडे व ब्रेकची धूळ यांचा मारा होतो. सोसावयाचे पुष्कळ आणि घासून उजळ व्हावयाचे मात्र नशिबी नाही, अशी त्याची स्थिती आहे. पूर्वीची चाके पोलादी पत्र्याची असत. त्यांस कारखान्यात रंगाच्या हौदात बुडवून विजेचा प्रवाह सोडतात, म्हणजे रंग सांदीकोपऱ्यांतही जाऊन बसतो. तरी खड्याने टवका उडाला की तेथून गंज सुरू होतो. हल्लीची पुष्कळशी चाके अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. त्यात सिलिकॉन व थोडे मॅग्नेशियम मिसळलेले असते. अ‍ॅल्युमिनियम ही धातू आपली कल्हई आपणच करून घेते. तिचा उघडा पृष्ठभाग हवेस लागताच त्यावर प्राणवायूच्या संयोगाने एक अतिसूक्ष्म कवच तयार होते आणि ते आतील धातूचे रक्षण करते. मग वर आणखी लेप कशास? कारण क्षार व आम्ल यांच्यापुढे हे कवच दुबळे पडते. शोभेसाठी दिलेल्या पारदर्शक रोगणास एकदा चीर गेली की पाणी तिच्यातून आत शिरते आणि रोगणाखाली किड्याने वाट कोरावी तशा पांढुरक्या रेषा पसरू लागतात. ब्रेकची धूळ तर याहून खट्याळ. ब्रेकची तबकडी बिडाची असते. ती झिजताना लोखंडाचे तापलेले कण उडतात, रोगणात रुततात आणि तेथेच बसून गंजतात. घासून पाहिले तर चाक खरबरीत लागते, पण डाग काही जात नाही.

आमच्या भागातील रस्तेही या चाकांची कसोटी पाहण्यासाठीच आखले असावेत. शिरूराहून निघून न्हावऱ्यावरून जावे, पारगावापाशी भीमा ओलांडावी आणि केडगावच्या चौफुल्याशी सोलापूर रस्त्यास लागून दौंड गाठावे, हा आमचा नित्याचा मार्ग. अलीकडे शिरूर तालुक्यातील मुरमाची धूळ, पलीकडे दौंड तालुक्यातील कालव्याच्या पाण्यावरची काळी माती. उसाचा हंगाम सुरू झाला की शेतातून रस्त्यावर येणाऱ्या गाड्या त्या काळ्या मातीचे गोळे आणि पाचट वाटभर सांडीत जातात. गुऱ्हाळांच्या आसपास तर रस्ता कोणता आणि शेत कोणते हे ओळखावे लागते. ही माती चाकाच्या आतील अंगास चिकटली म्हणजे निघत नाही. ती ओल धरून ठेवते, आणि वाळून एका बाजूस घट्ट झाली की चाकाचा तोल जाऊन सबंध गाडी थरथरू लागते. याच शिरूर तालुक्यात रांजणगावी फियाटच्या कारखान्यात मोटारी तयार होतात, आणि त्याच गावी अष्टविनायकांपैकी महागणपतीचे देऊळ आहे. नवी गाडी घेणारे पुष्कळ जण तिला आधी देवदर्शनास नेतात. हार, कुंकू, नारळ, आणि चारी चाकांखाली चार लिंबे. लिंबाचा रस आम्ल आहे व अ‍ॅल्युमिनियमशी त्याचे सख्य नाही, असे रसायनशास्त्र आम्ही एकदा काढले होते; परंतु आमच्या कुटुंबाने ‘देवाच्या दारी तरी पुस्तके मिटवावी’ असे म्हणताच आम्ही ते मिटविले. शिवाय ते लिंबू हाही एक प्रकारचा संरक्षक लेपच नव्हे काय? चाकास नसला तरी चालविणाराच्या मनास तो असतो.

आता मूळ हकीकतीकडे वळू. आमची थोरली बहीण दौंडास असते. सारे घर तिला आक्का म्हणते. तिचे चिरंजीव, म्हणजे आमचे भाचे, रेल्वेत नोकरीस आहेत. आक्काच्या हृदयाचे दुखणे निघाले आणि तिला दर महिन्यास पुण्यास डॉक्टरांकडे नेणे प्राप्त झाले. आगगाडीच्या गर्दीत तिला चढविणे अशक्य, म्हणून भाच्याने एका व्यापाऱ्याकडून जुनी मोटार विकत घेतली. गाडी नीटनेटकी होती, आणि तिची चाके तर नव्याने घडविल्यासारखी रुपेरी झळकत होती. व्यापाऱ्यानेही प्रथम चाकांकडेच बोट दाखविले होते. गाडी चालू लागली. पुढे असे दिसून आले की, एका चाकातील हवा चार-पाच दिवसांनी उतरते. दोन ठिकाणी पंक्चर पाहून घेतले, सापडले नाही. मोळा बदलला, हवा उतरावयाची ती उतरतच राहिली. अखेर दौंडातील एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्याने सबंध चाक हौदात बुडविले आणि बराच वेळ न बोलता पाहत बसला. बारीक बुडबुड्यांची एक माळ वर येत होती. ती रबरातून येत नव्हती, चाकाच्या धातूतून येत होती.

त्याने टायर उतरविला आणि आतील अंगाचा रुपेरी रंग पात्याने खरवडला. खाली वेल्डिंगचा जुना सांधा निघाला, आणि सांध्याच्या कडेने चार बोटे लांबीची ताजी भेग. चाक पूर्वी कधी खड्ड्यात आपटून फुटले होते. ते सांधून, पुटी भरून, घासून त्यावर रंग चढविला होता. म्हातारा म्हणाला, “साहेब, हे भंगारात टाका. ह्याच्यावर आजारी माणूस बसवून पुण्याला नेऊ नका.” पुण्याचा तो मार्ग म्हणजे सोलापूरचा हमरस्ता, तेथे भरलेले ट्रक दोन्ही अंगांनी धावत असतात. अशा रस्त्यावर, अशा वेगात, त्या भेगेने आणखी दोन बोटे वाट काढली असती तर काय झाले असते, याचे वर्णन आम्ही करीत नाही. आक्का त्या चाकावरून तीन वेळा पुण्यास जाऊन आली होती. तिला चाक दाखविले तेव्हा तिने खरवडलेल्या जागेवरून बोट फिरविले आणि एवढेच म्हटले, “मुलाम्याचं निघालं की रे हे.”

भाच्याने उरलेली चाकेही तपासून घेतली. आणखी एकात पुटी सापडली. व्यापाऱ्याशी पत्रव्यवहार झाला. त्याचे फळ असा व्यवहार करणाऱ्यांकडून जे मिळावयाचे तेच मिळाले. शेवटी चारी चाके नवी घेतली. आणि या प्रकारानंतर ज्या गृहस्थाने चाकांच्या चकाकीचे नावही काढू नये अशी आमची अपेक्षा होती, तोच दोन महिन्यांनी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कोटिंगची बाटली घेऊन शिरूरास आमच्या अंगणात दाखल झाला. आमच्या अंगणात सावली आहे, आणि लेप उन्हात तापलेल्या चाकावर देऊ नये असा नियम आहे.

आम्ही खुर्ची टाकून पाहत बसलो. त्याने एकेक चाक उतरवून जाडसर गोणपाटावर मांडले आणि आधी नुसत्या पाण्याने, मग साबणाने, मऊ ब्रशाने आतून-बाहेरून धुतले. मग एक द्रव फवारला. क्षणापूर्वी स्वच्छ दिसणाऱ्या चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागले आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. रुतलेल्या लोहकणांशी त्या द्रवाचा संयोग झाला म्हणजे हा रंग येतो. दोन महिन्यांच्या नव्या चाकात एवढे लोखंड रुतलेले असेल असे कोणास वाटले नसते. तो द्रव वाळू न देता धुऊन टाकला. मग डांबराचे ठिपके काढले. मग चिकणमातीसारखा एक मऊ गोळा पाणी लावून पृष्ठभागावरून फिरविला. उरलेसुरले कण त्यास चिकटून आले. आमचा धीर सुटला. आम्ही म्हटले, “अरे, चकाचक झाले की! आता लाव तो लेप आणि मोकळा हो.”

“घाई नको, मामा,” तो म्हणाला. “आता आत राहील ते लेपाखाली कायमचं राहील. मग ते काढायला लेपच काढावा लागतो.”

चाके पुसून कोरडी केल्यावर त्याने स्पिरिटसारख्या अल्कोहोलने ती पुन्हा पुसली, कारण बोटाचा तेलकटपणाही लेपास चालत नाही. सकाळी सुरू झालेले हे घासणे जेवणाची वेळ टळली तरी संपले नव्हते, आणि आमचे कुटुंब दोनदा दारात येऊन ‘घरातील भांड्यांच्या नशिबी एवढी सेवा कधी आली नाही’ असे सांगून गेले होते. आक्का ओसरीवर बसून पाहत होती. तिला मात्र यात काहीच नवल वाटले नाही. लेपाचे काम त्या मानाने अर्ध्या तासाचे. स्पंजाच्या तुकड्यावर थोडे थेंब घ्यावयाचे, चाकाचा एकेक आरा उभा-आडवा पुसावयाचा, त्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसू लागली की मऊ फडक्याने उजळावयाचे, आणि मग पुढील आऱ्याकडे वळावयाचे. अधिक लेप दिला तर अधिक टिकतो असे नाही; जाड राहिलेला भाग डाग होऊन बसतो. हा लेप वाळूचे जे मूलद्रव्य त्याच सिलिकॉनच्या संयुगांचा असतो, हवेतील ओल घेऊन कठीण होतो, आणि त्याची जाडी एखाद-दोन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा अगदी किरकोळ अंश, एवढीच भरते. एक दिवस त्यास पाणी लागू द्यावयाचे नाही आणि आठवडाभर साबण.

याहून दणकट लेपही आहेत. पावडर कोटिंगमध्ये रंगाची भुकटी विद्युद्भारित करून चाकावर उडवितात व सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत ती वितळवून पक्की करतात. जुनी पोलादी चाके पुन्हा रंगवावयाची तर ही रीत उत्तम. परंतु मिश्रधातूच्या चाकास जे बळ आलेले असते ते बव्हंशी कारखान्यातील मोजक्या उष्णतेच्या संस्कारानेच आलेले असते, म्हणून भट्टीवाल्याने मर्यादेबाहेर तापविल्यास चाकाचे बळ कमी होण्याचा संभव असतो. कल्हईवालाही भांडे जास्त तापू देत नसे.

पण त्या दिवशी आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट लेप कोठे दिला याची नव्हे, कोठे दिला नाही याची. चाकाचा जो पाठभाग गाडीच्या हबवर टेकतो तो त्याने कोरडा ठेवला. नट जेथे बसतात त्या खळग्यांत लेपाचा थेंब जाऊ दिला नाही. तेथे धातू धातूस घट्ट भिडली पाहिजे. मध्ये जाड रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो, आणि आवळलेले नट सैल पडतात. आणि ब्रेकच्या तबकडीजवळ तर त्याने बाटली नेलीच नाही. तबकडी गुळगुळीत करणे म्हणजे गाडी थांबविण्याचे साधनच काढून घेणे होय. तांब्याच्या पातेल्यास जसे आत कथील आणि चुलीकडील बुडास नुसते तांबे, तसेच हेही. मुलामा देणारा असा विचार करीत नाही. त्याला दिसणारे सर्व अंग झाकावयाचे असते. कल्हई करणारास प्रत्येक जागेचे काम ठाऊक असावे लागते.

येथे आमचे एक मित्र, निवृत्त शिक्षक, आक्षेप घेतात. ते म्हणतात, “तुमच्या या लेपाने खडा थांबत नाही, खड्ड्यात आपटलेले चाक वाचत नाही, फुटलेले सांधत नाही. मग राहिले काय? मिरविणे!” आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. बाटलीवर जी वर्षे छापलेली असतात ती आमच्या काळ्या मातीस विचारून छापलेली नसतात, हेही खरे. लेपाने होते ते इतकेच की, धूळ व माती घट्ट धरीत नाही, चाक नुसत्या पाण्याच्या धारेने व हलक्या हाताने स्वच्छ होते, आणि क्षारांस आतील रोगणापर्यंत पोहोचण्यास उशीर लागतो. परंतु जे चाक सहज धुता येते ते वारंवार धुतले जाते, आणि जे वारंवार धुतले जाते त्यावरून माणसाचा हात व डोळा वारंवार फिरतो. मळलेल्या चाकाची भेग कोणास दिसते? आणि रंगविलेल्या चाकाची तरी कोणास दिसली होती?

कल्हईच्या काळी घरोघर असाच अनुभव येई. भांडे कल्हईस काढले, वाळूने घासून निघाले, की त्याचे पिचलेले बूड किंवा झिजून पडलेले छिद्र तेव्हा दिसे. कल्हईवाला ते भांडे उन्हाकडे धरून दाखवी आणि ‘हे आधी डाक लावून आणा’ म्हणून बाजूस ठेवी. त्यावर तशीच कल्हई करून पैसे घेणारा कल्हईवाला गल्लीत पुन्हा उभा राहू शकत नसे. मोटारीची चाके विकणाऱ्यांस अशी ओट्यावर बसून पाहणारी बायकामंडळी भेटत नाहीत, ही खरी अडचण आहे. तेव्हा जुनी गाडी घेताना वाचकांनी झळकणाऱ्या चाकांवर भाळून न जाता टायर उतरवून आतील अंग पाहावे, चाक पाण्यात बुडवून पाहावे, आणि विकणारास ते आवडले नाही तर तेवढ्यावरून काय समजावयाचे ते समजावे.

लेपास आता एक पावसाळा झाला. न्हावरे-चौफुला रस्त्याने त्याची परीक्षा पुरेपूर घेतली असून काही ठिकाणी तो निस्तेज झाला आहे. भाचा दसऱ्यास पुन्हा देणार म्हणतो. गेल्या पंधरवड्यात चाके धुताना डाव्या मागील चाकाच्या आतील काठास खड्ड्याचा एक बारीक ठोका बसलेला दिसला. त्याच दिवशी ते चाक हौदात बुडवून पाहिले. एकही बुडबुडा आला नाही. सोमवारी आक्का पुण्यास जावयाची आहे.